लिहायला घेईपर्यंत एकच पान

कुडाळमध्ये माझा एक मित्र लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. एडिटिंगसाठी त्याच्याकडे मॅक आहे. एका लग्नाची तीसेक जीबीची फाईल होती. एडिटिंगला हात लावण्याआधी त्याने त्याच डिस्कवर तिची दुसरी प्रत काढली. क्लिक केलं आणि प्रत तयार! पट्टी सरकताना दिसलीच नाही. डिस्कवरची मोकळी जागा पाहिली, तर ती जवळजवळ होती तेवढीच. तीच फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला घेतली, तेव्हा मात्र चहा पिऊन आलं तरी काम चालूच. त्याने मला फोन केला, "खरां सांग, कॉपी झाली की नाय?"

त्याची शंका रास्त होती. लग्नाचा दिवस पुन्हा शूट करता येत नाही, आणि हातात दोन प्रती आहेत की एकच, हे माहीत नसलं तर धंदा धोक्यात येतो. उत्तर असं, की त्याला वापरण्यापुरत्या दोन स्वतंत्र फायली मिळाल्या होत्या, पण डिस्कवरचा मजकूर अजून एकदाच लिहिलेला होता. दुसऱ्यांदा तो लिहिला जाईल, पण गरज पडेल तेव्हा, आणि गरज पडेल तेवढाच.

या युक्तीचं नाव कॉपी-ऑन-राइट, म्हणजे कुणी बदल करायला घेईल तेव्हाच प्रत काढायची. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर, प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधल्या साध्या याद्या, सगळ्यांत ती काम करत असते. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे कित्येकांचे फोन चार-सहा जीबी मेमरीचे आहेत. रत्नागिरीत किंवा सावंतवाडीत बसून हापूसच्या ऑर्डरी आणि होमस्टेचं बुकिंग घेणारी सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं एक-दोन जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर दिवस काढतात. दुप्पट मोठं यंत्र घ्यायला पैसे नसतात, तेव्हा आहे ती मेमरी नीट वापरता येणं हेच कौशल्य ठरतं.

## भजनी मंडळाची एक वही, दोन बुवा

वाडीतल्या एका भजनी मंडळाची कल्पना करा. मंडळाची गाणी सुट्या पानांवर लिहिलेली आहेत, समजा २०० पानं, आणि ती देवळाच्या कपाटात ठेवलेली असतात. गणपतीत एका तुकडीने सगळी घरं होत नाहीत, म्हणून दुसरे बुवा उभे केले. त्यांनाही वही हवी. सरळ मार्ग म्हणजे २०० पानांची झेरॉक्स. पैसे गेले, वेळ गेला, कपाटातली जागा गेली, आणि दुसरे बुवा त्यातली पंधरा-वीसच भजनं म्हणणार.

मंडळाचे सेक्रेटरी दुसरा मार्ग काढतात. ते दुसऱ्या बुवांना फक्त अनुक्रमणिका उतरवून देतात. अमका गजर पान ३ वर, तमकी गौळण पान १७ वर. आता अनुक्रमणिका दोन झाल्या, पानांचा गठ्ठा एकच राहिला. आणखी एक काम ते करतात. दोन्ही अनुक्रमणिकांत प्रत्येक ओळीसमोर लाल खूण करतात, म्हणजे 'वाचा, पण लिहायचं असेल तर आधी मला विचारा'.

एके दिवशी दुसऱ्या बुवांना गौळणीचं एक कडवं बदलावंसं वाटतं. लाल खूण दिसते, ते सेक्रेटरींकडे जातात. सेक्रेटरी पान १७ ची, आणि फक्त त्याच पानाची, झेरॉक्स काढतात, तिला २०१ क्रमांक देतात, दुसऱ्या बुवांच्या अनुक्रमणिकेत १७ खोडून २०१ लिहितात आणि त्या ओळीपुरती लाल खूण पुसतात. पहिल्या बुवांना याचा पत्ताही लागत नाही. त्यांची गौळण १७ वर जशीच्या तशी आहे.

पुढे पहिल्या बुवांनाही पान १७ वर काही लिहायचं झालं, तर सेक्रेटरी आधी एक गोष्ट तपासतात, हे पान अजून कोण वापरतंय? दुसरे बुवा तर २०१ वर गेले. मग झेरॉक्सची गरजच नाही, नुसती खूण पुसली की झालं.

दोन्ही बुवांना आपली स्वतःची पूर्ण वही आहे असंच वाटतं, आणि वापरताना ते खरंही असतं. कपाटात मात्र ४०० ऐवजी २०१ पानं आहेत.

## संगणकात ही वही कुठे असते?

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी तुकड्यातुकड्यांत मिळते. एका तुकड्याला पेज म्हणतात. बहुतेक संगणकांवर ते ४,०९६ बाइटचं, म्हणजे चार केबीचं असतं. ॲपलच्या नव्या मॅकमध्ये १६ केबीचं असतं. मी त्याला पानच म्हणेन. प्रत्येक प्रोग्रॅमची एक पेज टेबल असते, ती त्याची अनुक्रमणिका. प्रोग्रॅमला वाटणारं पान खऱ्या मेमरीत कुठे आहे आणि त्यावर लिहायची परवानगी आहे की नाही, हे तिच्यात असतं. सेक्रेटरींचं काम करतं ते कर्नल, म्हणजे लिनक्स किंवा विंडोजसारख्या प्रणालीचा गाभा.

एक महत्त्वाची गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. प्रत्येक वेळी 'लिहू का?' असं प्रोग्रॅमने विचारायचं ठरवलं, तर त्या विचारण्यातच वेळ जाईल. म्हणून लाल खूण तपासायचं काम प्रोसेसरच्या सर्किटकडे दिलेलं आहे. वाचताना काही अडथळा येत नाही. मनाई असलेल्या पानावर लिहायचा प्रयत्न झाला, तरच प्रोसेसर प्रोग्रॅमला जागेवर थांबवून कर्नलला हाक मारतो. या थांब्याला पेज फॉल्ट म्हणतात. कर्नल नवीन पान शोधतो, चार केबी मजकूर त्यावर उतरवतो, अनुक्रमणिका बदलतो आणि जिथे थांबवलं होतं त्याच सूचनेपासून प्रोग्रॅम पुढे चालू करतो. आपण मध्ये थांबलो होतो, हे प्रोग्रॅमला कळतही नाही. म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये एकही ओळ न बदलता हा फायदा मिळतो.

## मुळात अख्ख्या प्रोग्रॅमची प्रत कशाला हवी?

इथवर ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर युनिक्स या जुन्या प्रणालीच्या जन्मात आहे. युनिक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करायची पद्धत जरा चमत्कारिक आहे. चालू प्रोग्रॅम आधी स्वतःचीच हुबेहूब प्रत काढतो. याला फोर्क म्हणतात. मग ती प्रत आपल्या जागी दुसरा प्रोग्रॅम आणून बसवते. आधी सगळं उतरवायचं आणि लगेच टाकून द्यायचं, असा हा प्रकार. सुरुवातीला प्रोग्रॅम काही केबींचे होते, तेव्हा ते खपून गेलं. प्रोग्रॅम वाढले तशी ही नासाडी डोळ्यांवर येऊ लागली. १९७९ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये व्हीफोर्क नावाची पळवाट आली. तिच्यात प्रत काढलीच जात नाही. पोर, म्हणजे फोर्कमधून निघालेला प्रोग्रॅम, आईबापाच्याच, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्याच मेमरीत काम करतं आणि तोवर आईबापाने थांबून राहायचं. ही पळवाट वेगवान होती पण घातक, कारण पोराने चुकून काही बदललं तर ते थेट मूळ प्रोग्रॅममध्ये बदलतं.

खरं उत्तर त्याच्याही आधी दुसरीकडे सापडलेलं होतं. अमेरिकेत बीबीएन या कंपनीने पीडीपी-१० या यंत्रासाठी १९७० च्या सुमारास टेनेक्स नावाची प्रणाली बांधली. तिच्यात पानागणिक कॉपी-ऑन-राइट होतं. १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या माख कर्नलने हीच कल्पना आपल्या मेमरीव्यवस्थेचा पाया केली, आणि १९९१ मध्ये लिनक्स आलं ते पहिल्या आवृत्तीपासून ही सोय घेऊनच.

फायदा केवढा, ते आकड्यांत पाहू. आठ जीबी मेमरी वापरणारा प्रोग्रॅम आहे. चार केबीच्या हिशेबाने त्याची २०,९७,१५२ पानं होतात. प्रत्येक पानासाठी अनुक्रमणिकेत आठ बाइटची नोंद असते, म्हणजे अनुक्रमणिका झाली सुमारे १६ एमबीची. फोर्क करताना आठ जीबीऐवजी या १६ एमबीच तयार कराव्या लागतात, म्हणजे मूळ कामाचा ५१२ वा हिस्सा.

## तुमच्या फोनमध्ये

अँड्रॉइड फोन सुरू होतो तेव्हा झायगोट नावाचा एक प्रोग्रॅम उठतो. प्रत्येक ॲपला लागणारं सामाईक सामान, म्हणजे बटणं, याद्या, अक्षरं, चित्रं दाखवण्याचा कोड, तो आधीच मेमरीत भरून तयार ठेवतो आणि वाट पाहत बसतो. तुम्ही कुठल्याही ॲपवर बोट ठेवलं की झायगोट स्वतःचा फोर्क करतो आणि ती प्रत त्या ॲपचं रूप घेते. सामाईक सामान पुन्हा भरावं लागत नाही, म्हणून ॲप लवकर उघडतं. दहा ॲपं चालू असली तरी त्या सामानाची न बदललेली पानं मेमरीत एकदाच असतात. चार जीबीच्या फोनवर व्हॉट्सॲप, यूपीआयचं ॲप आणि नकाशा एकाच वेळी जिवंत राहतात, त्यात या वाटणीचा मोठा हात आहे.

## मग त्या तीस जीबीच्या फाईलचं काय?

मेमरीत चालणारी युक्ती डिस्कवरही चालते. सन या कंपनीने सुरू केलेल्या झेडएफएसच्या नव्या आवृत्त्या, लिनक्सची बीटीआरएफएस आणि २०१७ पासून आयफोन-मॅकमध्ये असलेली एपीएफएस या फाइल प्रणाली फायलीची प्रत म्हणजे फक्त नवीन अनुक्रमणिका बनवू शकतात. मजकुराचे तुकडे तेच राहतात. प्रतीत मधला एक तुकडा बदलला की तेवढाच डिस्कवर नव्या जागी लिहिला जातो. मित्राची मोकळी जागा घटली नाही, कारण नवीन मजकूर अजून तयारच झाला नव्हता. बाहेरच्या डिस्कवर वेळ लागला, कारण एका डिस्कची अनुक्रमणिका दुसऱ्या डिस्कवरच्या पानाकडे बोट दाखवू शकत नाही. तिथे खरंच सगळं उतरवावं लागतं.

यातून काही गोष्टी गोंधळात टाकतात. सगळ्या फायलींच्या आकाराची बेरीज डिस्कच्या आकारापेक्षा जास्त भरू शकते. जागा करायला प्रत पुसली तरी जागा मोकळी होत नाही, कारण मूळ फाईल तेच तुकडे धरून असते. शिवाय कित्येक ॲपं सेव्ह करताना बदललेला तुकडा लिहीत नाहीत, अख्खी फाईल नव्याने लिहितात. अशा ॲपमध्ये एकदा सेव्ह केलं की वाटणी संपली आणि पूर्ण आकाराची जागा गेली.

आता सगळ्यांत कळकळीने सांगायचं ते. एकाच डिस्कवर अशी काढलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून केलेल्या बदलापासून ती वाचवते, आणि ते मोलाचं आहेच. पण ज्या तुकड्यावर दोन्ही फायली उभ्या आहेत तोच खराब झाला, तर दोन्ही गेल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या पाण्यासमोर एका डिस्कवरच्या दहा प्रतींची किंमत एका प्रतीएवढीच. कोकणात पूर, वादळ आणि वीज यांच्याशी गाठ आहे. ज्या फायलीवर पोट आहे तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क वेगळ्या गावात असावी. ती कॉपी व्हायला वेळ लागतोय याचा कंटाळा करू नका. तो वेळ लागतो म्हणूनच ती खरी दुसरी प्रत आहे.

## हे काम वाचवणं झालं की पुढे ढकलणं?

आक्षेप बरोबर आहे. कॉपी-ऑन-राइट काम पुढे ढकलतं. फायदा होतो तो बहुतेक पानांवर ती वेळ कधी येतच नाही म्हणून. वाचन खूप आणि लेखन थोडं, अशा ठिकाणी ही युक्ती सोनं आहे. प्रती काढून झाल्यावर सगळ्याच पानांवर लिखाण होणार असेल, तर सरळ उतरवून घेण्यापेक्षा ती महाग पडते. कारण तेवढीच पानं उतरवायची, आणि वर प्रत्येक पानामागे थांबून कर्नलला हाक मारायची.

रेडिस या डेटाबेसचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. रेडिस सगळी माहिती मेमरीत ठेवतो, म्हणून तो वेगवान आहे. अधूनमधून ती डिस्कवर उतरवून ठेवावी लागते. पण उतरवताना माहिती बदलत राहिली, तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं चित्र डिस्कवर जाईल. म्हणून रेडिस फोर्क करतो. पोराकडे त्या क्षणाचं गोठलेलं चित्र असतं, ते तो निवांत डिस्कवर लिहितो, आणि मूळ रेडिस गिऱ्हाइकांची कामं करत राहतो. कल्पना सुंदर आहे.

आता समजा एक जीबीच्या सर्व्हरवर रेडिसमध्ये ६०० एमबी माहिती आहे. एप्रिलच्या अखेरीस हापूसच्या ऑर्डरींची झुंबड उडाली आहे आणि नेमकं तेव्हाच डिस्कवर उतरवायचं काम सुरू झालं. प्रत्येक ऑर्डरीला कुठलं तरी पान बदलतं. शंभर बाइटची नोंद बदलली तरी ४,०९६ बाइटचं पान उतरवावं लागतं, आणि नोंदी पानापानांवर विखुरलेल्या असतात. सगळ्याच पानांना हात लागला तर लागणारी मेमरी दुपटीपर्यंत जाऊ शकते. ६०० चे १,२०० एमबी व्हायला जागा कुठे आहे? मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्रॅम निवडून मारून टाकतो, आणि ऐन हंगामात दुकान बंद पडतं.

हे घडू शकतं कारण फोर्कच्या वेळी लिनक्सने एक आश्वासन दिलेलं असतं. दोन्ही प्रोग्रॅमना मिळून १,२०० एमबीपर्यंत लिहायची मुभा आहे, असं तो म्हणतो, आणि प्रत्यक्षात तेवढी मेमरी नसते. याला ओव्हरकमिट म्हणतात. ते पूर्ण बंद केलं तर फोर्कच नाकारला जातो आणि माहिती डिस्कवर उतरत नाही. म्हणून रेडिसचे कर्ते ते चालू ठेवायला सांगतात. अशा सर्व्हरवर मेमरीचा चांगला हिस्सा मोकळा ठेवणं आणि डिस्कवर उतरवायचं काम पहाटेला लावणं, हा मला दिसणारा शहाणपणाचा मार्ग.

## पान केवढं?

कॉपी-ऑन-राइट फायद्याचं ठरेल की तोट्याचं, याचा निम्मा निकाल पानाच्या आकारावर लागतो. लहान पान घेतलं तर अनुक्रमणिका लांबते. मोठं पान घेतलं तर एका अक्षराच्या बदलासाठी भलंमोठं काही उतरवावं लागतं.

लिनक्समध्ये ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस नावाची सोय आहे. तिच्यामुळे चार केबीऐवजी दोन एमबीची पानं वापरली जातात. अनुक्रमणिका आटोपशीर होते आणि बऱ्याच कामांचा वेग वाढतो. पण फोर्क केलेल्या रेडिसखाली ही सोय चालू असेल, तर एका बाइटच्या बदलाला दोन एमबी उतरवले जाऊ शकतात, आधीच्या ५१२ पट. म्हणूनच रेडिस ही सोय बंद ठेवायला सांगतो.

डॉकरसारख्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट बांधून चालवायच्या डब्यात, 'पान' म्हणजे अख्खी फाईल. मूळ इमेजमधल्या, म्हणजे कंटेनर ज्या तयार साच्यातून बनतो त्यातल्या, एक जीबीच्या फायलीत एक ओळ बदलली, की आधी ती पूर्ण फाईल कंटेनरच्या वरच्या थरात उतरवली जाते. म्हणून सतत बदलणाऱ्या फायली कंटेनरच्या थरात ठेवू नयेत, त्यांना व्हॉल्यूममध्ये, म्हणजे थरांच्या बाहेरच्या साठ्यात, जागा द्यावी.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांत तर पान म्हणजे सबंध यादी. पीएचपी आणि स्विफ्टमध्ये यादी दुसऱ्या नावाला दिली की लगेच कॉपी होत नाही. दोन्ही नावं एकाच यादीकडे पाहतात, आणि कुणी बदल केला तर पूर्ण यादी उतरवली जाते. एरवी हे फार सोयीचं आहे, दुसऱ्याच्या यादीला धक्का लागण्याची भीती राहत नाही. पण लूपच्या प्रत्येक फेरीत 'जुनी यादी' म्हणून एक नाव धरून ठेवायचं आणि मग यादीत एक नोंद वाढवायची, असं कुणी लिहिलं, तर प्रत्येक फेरीत सगळी यादी उतरते. शंभर नोंदींवर ते जाणवत नाही. लाख नोंदींवर सर्व्हर गुदमरतो, आणि कोड वाचताना दोष सहज दिसतही नाही.

सी प्लस प्लस या भाषेने तर अक्षरमाळांपुरती, म्हणजे स्ट्रिंगपुरती, ही युक्ती सोडूनच दिली. भाषेच्या २०११ च्या अधिकृत नियमावलीत असे नियम आले की स्ट्रिंगसाठी कॉपी-ऑन-राइट त्यात बसेना, आणि २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत जीसीसी कंपायलरने आपली जुनी स्ट्रिंग बदलली. 'हे किती जण वापरताहेत' हा आकडा अनेक थ्रेडांनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी, एकाच वेळी सुरक्षितपणे बदलायचा, यातही वेळ जातो. छोट्या स्ट्रिंगसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा सरळ कॉपी स्वस्त पडते.

## नुसतं वाचतोय, तरी प्रती का निघतात?

हा प्रश्न पायथॉन या भाषेत वेबसाइट चालवणाऱ्यांना हमखास भेटतो. एक मुख्य प्रोग्रॅम सगळा कोड भरून घेतो आणि मग चार कामकरी, म्हणजे गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्या आपल्या प्रती, फोर्क करतो. हिशेबाने चौघांनी बहुतेक मेमरी वाटून घ्यायला हवी. पण तासाभराने पाहावं तर वाटणी वितळत चाललेली.

कारण पायथॉन मेमरीतल्या प्रत्येक वस्तूच्या, म्हणजे यादी, शब्द अशा प्रत्येक घटकाच्या, अंगावरच एक आकडा ठेवतो, तिच्याकडे किती जण बोट दाखवताहेत याचा. तुम्ही वस्तू नुसती वाचली तरी तो आकडा क्षणभर वाढतो आणि कमी होतो. प्रोग्रॅमरला ते वाचन वाटतं, प्रोसेसरला ते लेखन दिसतं, आणि पानाची प्रत निघते. जणू बुवांनी भजन म्हणताना प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघ मारावी.

इन्स्टाग्रामचा सर्व्हर पायथॉनवर चालतो. त्यांच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये याची चौकशी मांडली, तेव्हा त्यांच्याकडे मोठा दोषी निघाला तो गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी गोळा करणारा भाग. तोही आपल्या नोंदी वस्तूंना चिकटवून ठेवत असे आणि प्रत्येक फेरीत त्या बदलत असे. त्यांनी तो बंद केला आणि सर्व्हरची कार्यक्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर केलं. पुढे पायथॉन ३.७ मध्ये, फोर्कच्या आधी असलेल्या वस्तूंना कलेक्टरने हात लावू नये, अशी जीसी-फ्रीझ सोय आली. पायथॉन ३.१२ मध्ये काही वस्तू 'अमर' ठरवून त्यांच्यावरचा आकडा बदलणंच थांबवलं. रुबी भाषेने २०१३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत हाच धडा गिरवला होता. कलेक्टरच्या खुणा वस्तूंवर न ठेवता वेगळ्या जागी ठेवल्या, म्हणजे वस्तूंची पानं स्वच्छ राहतात.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. वाटणी टिकवायची असेल, तर जे बदलतं ते आणि जे बदलत नाही ते एकाच पानावर नांदता कामा नये. गावांची यादी, पिनकोड, भाषांतरं, दरपत्रक हे दिवसभर तसंच राहतं. मोजणीचे आकडे, तात्पुरत्या आठवणी, लॉगिनच्या नोंदी क्षणाक्षणाला बदलतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, तर बदलणाऱ्याच्या पायी न बदलणाऱ्याचीही प्रत निघते.

## यात धोका नाही का?

आहे, आणि तो खरा ठरलेला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्समधला 'डर्टी काऊ' हा दोष उघड झाला. २००७ पासून, म्हणजे नऊ वर्षं तो कर्नलमध्ये होता. सेक्रेटरी पानाची झेरॉक्स काढतात आणि बुवा तिच्यावर लिहितात, या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक फट होती. त्याच क्षणी दुसऱ्या कुणी ती झेरॉक्स फेकून दिली, तर पेन मूळ पानावर चाले. साध्या वापरकर्त्याला अशा रीतीने फक्त वाचायची परवानगी असलेल्या फायली बदलता येत होत्या, आणि तिथून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. अँड्रॉइड फोनही त्यात सापडले. दुरुस्ती लगेच आली, पण ज्या फोनना अपडेट मिळणं बंद झालं होतं ते उघडेच राहिले. फोनचं अपडेट पुढे ढकलणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

झायगोटबद्दलही एक जुना आक्षेप आहे. सगळी ॲपं एकाच प्रोग्रॅमच्या प्रती असल्यामुळे त्यांच्यात सामाईक सामान मेमरीत त्याच त्या जागी असतं, आणि हल्लेखोराला एका ॲपवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. सुरक्षिततेवर भर देणारी ग्राफीनओएस ही अँड्रॉइडची आवृत्ती म्हणूनच प्रत्येक ॲप नव्याने सुरू करते, आणि त्यासाठी थोडा वेळ आणि जास्त मेमरी मोजते. सामान्य फोनसाठी अँड्रॉइडने केलेली निवड मला योग्य वाटते, पण ती निवड आहे हे माहीत असावं.

## आपल्या छोट्या सर्व्हरवर

पायथॉनची साइट गुनिकॉर्न या सर्व्हर प्रोग्रॅमवर चालत असेल, तर त्यात प्रीलोड नावाचा पर्याय आहे. तो लावला नाही तर प्रत्येक कामकरी फोर्क झाल्यावर स्वतःचा कोड स्वतः भरतो, आणि वाटून घ्यायला फारसं काही उरत नाही. लावला तर कोड आधी भरला जातो आणि मग फोर्क होतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. डेटाबेसचं कनेक्शन फोर्कच्या आधी उघडू नये. ते कनेक्शन मेमरीच्या पानासारखं वेगळं होत नाही. दोन कामकरी एकाच कनेक्शनवर बोलू लागले तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात पडतं.

मग मोजायचं. इथे बरेच जण फसतात. लिनक्सवर टॉप ही कमांड दाखवते तो आरएसएस, म्हणजे प्रोग्रॅमने व्यापलेल्या मेमरीचा आकडा, वाटलेली पानं प्रत्येक कामकऱ्याच्या नावावर पूर्ण धरतो. चार कामकऱ्यांचे प्रत्येकी १५० एमबी बेरीज करून ६०० म्हणाल तर ते चूक, प्रत्येकाच्या १५० मधले तेच १०० एमबी सामाईक असतील तर खरा खर्च ३०० आहे. बघायचा तो पीएसएस. त्यात वाटलेलं पान वाटेकऱ्यांच्या संख्येने भागून धरलेलं असतं, म्हणून त्याची बेरीज खरी येते. प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या क्रमांकाखाली स्मॅप्स-रोलअप नावाची फाईल आहे, तिच्यात हा आकडा मिळतो.

त्याच फायलीत प्रायव्हेट डर्टी नावाची ओळ आहे. त्या कामकऱ्याने स्वतः लिहिलेली, म्हणजे वाटणीतून बाहेर पडलेली पानं तिथे मोजली जातात. सर्व्हर सुरू केल्यावर लगेच एकदा आणि शंभरेक ऑर्डरी गेल्यावर पुन्हा ती ओळ पाहा. थोडी वाढून थांबली तर वाटणी टिकली आहे. प्रत्येक वेळी पाहावं तेव्हा ती चढतच असेल, तर आधी जीसी-फ्रीझ लावून पाहा, आणि तरीही चढली तर कोडमधले मोजणीचे आकडे आणि मेमरीतला कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवलेली माहिती, तपासायला घ्या.